नकार द्या हवं तर, पण कळवा: नोकरभरती करणाऱ्यांना एका आईचं खुलं पत्र

नोकरभरती करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या, संस्था, त्यांचे एचआर विभाग आणि त्यांच्या वतीने उमेदवार निवडणाऱ्या एजन्सी यांना,

स. न. वि. वि.

मुलीच्या नोकरीसाठी आईने पत्र लिहिणं वाईट दिसतं, हे मला कळतं. म्हणून आधीच सांगते, या पत्रात मी कुणाकडे नोकरी मागत नाही. वशिला तर नाहीच नाही. मुलीने हे पत्र वाचलं आहे, त्यातलं एक तिखट वाक्य खोडायला लावलं आहे आणि "तुझ्या नावावर काय ते लिही, माझं नाव कुठेही घालू नकोस" अशी ताकीद दिली आहे. ज्या संस्थेमुळे हे पत्र लिहावंसं वाटलं तिचंही नाव मी घेणार नाही. मुलीच्या वर्गातल्या इतर मुलामुलींचे अनुभव ऐकले, तेव्हा नावं बदलत गेली आणि गोष्ट तीच राहिली.

माझी मुलगी यंदा भूविज्ञानात एमएस्सी झाली. भूजल हा तिचा विशेष विषय. पुढचे दोन-तीन परिच्छेद मी तिचं कौतुक करणार आहे, ते तेवढे सहन करा. नाही तर तुम्ही नेमकं काय परत पाठवता, किंवा परत पाठवायचेही कष्ट घेत नाही, ते तुम्हाला समजायचं नाही.

लहानपणापासून हिच्या खिशात खडे असायचे. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायचे, हा आमच्या घरातला नियम तिच्यामुळे झाला. खिडकीच्या कट्ट्यावर गारगोटी, चुनखडी, ग्रॅनाइटचे तुकडे चिठ्ठ्या लावून मांडलेले. हे वेड वयाबरोबर जाईल असं आम्हाला वाटलं होतं, पण ते वाढत गेलं. कॉलेजात असताना तिने पहिल्यांदा दगडाची सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची चकती स्वतःच्या हाताने घासून तयार केली. ती चकती ०.०३ मिलिमीटर जाडीची असावी लागते, कागदापेक्षाही पातळ, तेव्हा कुठे दगडातून उजेड आरपार जातो. जरा जास्त घासली की सगळं काम वाया. तिच्या आधीच्या कितीतरी चकत्या अशा वाया गेल्या होत्या. जी जमली तिचा फोटो आजही तिच्या फोनच्या पडद्यावर आहे. मला त्यात रंगीत ठिपके दिसतात, तिला त्यात तो दगड कसा थंड होत गेला ते दिसतं.

पाण्याकडे ती नंतर वळली. पृथ्वीवर द्रवरूपात जेवढं गोडं पाणी आहे, त्यातलं जवळजवळ ९९ टक्के जमिनीखाली आहे, नद्या आणि तलाव उरलेल्या चिमूटभरात येतात, हे तिने मला सांगितलं तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. मग संयुक्त राष्ट्रांचा २०२२ चा जल अहवाल तिने समोर ठेवला. १८५६ साली दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून एक साधा नियम मांडला आणि जमिनीखालचं पाणी किती वेगाने सरकतं याचं गणित आजही तिथूनच सुरू होतं, हेही मी तिच्याकडूनच शिकले. ती वर्गात पहिली आलेली नाही. तिला पदकबिदक नाही. पण कडक उन्हात दिवसभर विहिरींच्या पातळ्या मोजून आल्यावर, पाय धुवायच्या आधी वहीत आकडे नीट उतरवून ठेवणारी मुलगी आहे ती. माझ्या लेखी हे पदकाहून मोठं आहे.

तिचा पुढचा बेतही ठरलेला आहे. आधी काही वर्षं कुणा जाणत्या माणसाच्या हाताखाली, शक्य तितकी फील्डवर. त्यानंतर स्वतःचं छोटं सल्ला केंद्र. विहीर किंवा बोअर कुठे घ्यावी हे सांगणारे पुष्कळ आहेत, कुठे घेऊ नये हे सांगणारं कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं. हे ऐकल्यावर यात पैसा किती मिळेल, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

पदवीदानाचा दिवस छान झाला. सगळ्यांचे येतात तसे फोटो आमचेही आले.

आता मूळ मुद्दा. पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेने नव्या पदवीधरांसाठी जाहिरात दिली. हिने अर्ज केला. ऑनलाइन परीक्षा झाली, दोन मुलाखती झाल्या. मग सांगण्यात आलं की आम्हाला तुमचं प्रत्यक्ष काम बघायचं आहे. एका भागाचा नकाशा आणि विहिरींच्या नोंदी पाठवल्या, आणि तिथे पाणी जिरवायला जागा कुठे योग्य ठरतील याचा पूर्ण अहवाल मागितला. हिने रात्री जागून तो केला. नकाशे काढले, जमिनीखालच्या थरांचे छेद काढले, कोणत्या नोंदी संशयास्पद वाटतात तेही वेगळं लिहिलं. मुदतीच्या आत पाठवला. त्यानंतर काहीही आलं नाही. हिने नम्रपणे विचारणा केली, तिलाही उत्तर नाही. फोन केला तर "संबंधित व्यक्ती मीटिंगमध्ये आहे". आणि मग तीच जाहिरात पुन्हा झळकली. मजकूर तोच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच.

माझी उभी नोकरी एका कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली. म्हणजे तुम्ही आज जे करता तेच, फक्त टाइपरायटर आणि कार्बन पेपर लावून. आलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक पडायचा. मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येकाला निकाल कळवला जायचा, नकार असला तरी. ते पत्र टाइप व्हायचं, साहेबांची सही व्हायची, जावक नोंदवहीत चढायचं आणि टपालात पडायचं. त्या काळी सगळं आलबेल होतं असा माझा दावा नाही. वशिले चालायचे, फायली महिनोन्महिने पडून राहायच्या. पण समोर बसून आपल्या प्रश्नांची उत्तरं देऊन गेलेल्या माणसाला काहीच कळवायचं नाही, ही कल्पना आमच्या शाखेत कुणाच्या डोक्यात आली नसती. आज तुमच्याकडे हेच काम एका क्लिकवर करणारी यंत्रणा आहे. अर्ज आल्याची पोच ती क्षणात पाठवते. म्हणजे पत्ता तुमच्याकडे आहे, यंत्रणा आहे, मजकुराचा नमुनाही असणार. मग अडतं कुठे?

"हजारो अर्ज येतात हो," असं उत्तर मिळतं. येत असतील. आजकाल मुलंही जाहिरात न वाचता सरसकट अर्ज टाकतात, काही तर ते यंत्राकडूनच लिहून घेतात, हे मला मान्य आहे. त्या हजारांतल्या प्रत्येकाला सविस्तर पत्र लिहा असं मी म्हणतच नाही. मी मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांबद्दल बोलते आहे. ते हजार नसतात. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने तर हे कायद्यातच घातलं आहे: १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर ४५ दिवसांच्या आत उमेदवाराला निर्णय झाला की नाही ते कळवायचं. एवढी साधी रीत पाळायला कायदा करावा लागला याचं मला आश्चर्य वाटतं, पण झाला ते बरं झालं.

नकाराने मुलं खचतात, म्हणून आम्ही गप्प राहतो, असंही एका ओळखीच्या एचआरवाल्याने मला सांगितलं. आमच्या घरातला अनुभव उलटा आहे. दुसऱ्या एका संस्थेने हिला दोन ओळींचा नकार पाठवला होता: नकाशाचं काम चांगलं आहे, पण आम्हाला पंप चाचणीचं विश्लेषण येणारी व्यक्ती हवी आहे. पंप चाचणी म्हणजे विहिरीतून ठराविक वेगाने पाणी उपसायचं, पातळी किती उतरते आणि उपसा थांबल्यावर किती वेळात भरते ते मोजायचं. हिने संध्याकाळपर्यंत तोंड पाडलं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या सरांकडून चाचण्यांच्या नोंदी मागवून शिकायला बसली. त्या संस्थेबद्दल आमच्या घरात आजही चांगलं बोललं जातं. आणि जिथून उत्तरच आलं नाही, तिथे पाठवलेला अहवाल ती अजून अधूनमधून उघडते आणि चूक कुठे झाली ते शोधत राहते. चूक असेलही. पण ती आहे की नाही, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?

दुसरी तक्रार या अहवालाचीच. चाचणी घ्यायला माझी ना नाही. तासाभराची घ्या, समोर बसवून घ्या, जुन्या, संपलेल्या कामावर घ्या. पण खऱ्या जागेची खरी माहिती देऊन कित्येक दिवसांचं काम करून घ्यायचं आणि त्याला चाचणी म्हणायचं, हे पटत नाही. तो अहवाल पुढे कुणाच्या कामी आला का, हे मला माहीत नाही आणि मी तसा आरोपही करत नाही. पण माहीत नाही, हीच तर अडचण आहे. याच माळेतला दुसरा मणी म्हणजे बिनपगारी इंटर्नशिप. "शिकायला मिळतं ना" हे तिचं समर्थन. इंग्लंडमधला १५६३ चा कायदा शिकाऊ उमेदवाराला किमान सात वर्षं बांधून ठेवायचा, ती काही चैन नव्हती. पण त्या व्यवस्थेतही शिकणाऱ्याचं जेवणखाण आणि निवारा ही उस्तादाची जबाबदारी असे. चारशे साठ वर्षांनी आपण त्याच्याही मागे गेलो की काय? फ्रान्समध्ये आज इंटर्नशिप दोन महिन्यांहून लांबली तर मोबदला देणं बंधनकारक आहे. ज्यांच्या घरी सहा महिने बसून खाण्याइतकं आहे, त्यांचीच मुलं फुकट काम करू शकतात. आमचं कसंबसं निभावलं असतं. हिच्या वर्गातल्या काही हुशार मुलांनी मात्र याच कारणासाठी विषयच सोडला, हे मी पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट अनुभवाच्या अटीची. जाहिरात "फ्रेशर्स"साठी आणि खाली अट दोन वर्षांच्या अनुभवाची. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली ही गत. हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण पहिल्या पायरीवर झालेला उशीर नंतर फार काळ वसूल होत राहतो. अर्थतज्ज्ञ लिसा कान यांनी अमेरिकेत १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या गोऱ्या पुरुषांच्या मिळकतीचा माग काढला. बेकारी जास्त असताना पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची कमाई पंधरा वर्षांनंतरही मागेच दिसली. कॅनडातल्या पदवीधरांवर झालेल्या अभ्यासात चित्र थोडं सौम्य आहे: मंदीत सुरुवात करणाऱ्यांची मिळकत आधी सुमारे ९ टक्क्यांनी कमी, पाच वर्षांत तो फरक निम्मा, आणि दहा वर्षांत नाहीसा. म्हणजे सौम्य चित्रातसुद्धा तरुणपणाची दहा वर्षं गेलीच. ती तर मंदीची गोष्ट झाली, आणि मंदी तुमच्या हातात नसते. जाहिरातीतली अट तुमच्या हातात आहे.

मी काही आकांत मांडलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये जगभरातल्या १५ ते २४ वयोगटातली बेकारी १३ टक्के होती, पंधरा वर्षांतली सर्वांत कमी. पण कमी म्हणजेही सुमारे साडेसहा कोटी तरुण. आणि टक्का खाली आला म्हणून दारात ताटकळलेल्याशी कसंही वागायची मुभा मिळत नाही.

आता यंत्राबद्दल. अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं, ठरावीक शब्द सापडले नाहीत की माणसापर्यंत पोचतच नाही, असं मुलं सांगतात. पूर्वी माणसंच चाळायची तेव्हा फार न्याय होता असं नाही. बोस्टन आणि शिकागोमध्ये सुमारे पाच हजार बनावट बायोडेटा पाठवून केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीच पात्रता असूनही गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली होती. पण यंत्र त्याच जुन्या निवडींवर शिकतं. अॅमेझॉनने असं एक यंत्र बनवून पाहिलं. ते बायोडेटात "महिलांचा" असा उल्लेख दिसला, महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कर्णधार वगैरे, की गुण कमी करायचं. कंपनीने ते सोडून दिलं, आणि २०१८ मध्ये ही बातमी जगासमोर आली. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशा यंत्रांची पक्षपातासाठी दरवर्षी तपासणी करावी लागते आणि उमेदवाराला तसं आधी सांगावंही लागतं. सांगण्यावर माझा भर आहे. यंत्र वापरा, पण लपवू नका.

एका मुलाखतीत हिला विचारलं गेलं, "लग्नाचं काय ठरलंय?" आणि पाठोपाठ, "फील्डवर मुलींना जमतं का?" पहिल्या प्रश्नाशी तुमचा संबंध नाही. दुसऱ्याचं उत्तर तिच्या फील्डच्या वहीत होतं. ती वही टेबलावर ठेवलेली होती. कुणी उघडली नाही.

जागा मुळात रिकामी नसताना केवळ अर्ज गोळा करून ठेवायला जाहिरात देणं, आणि पगार शेवटपर्यंत झाकून ठेवणं, या दोन गोष्टींवर जास्त लिहीत नाही. त्या चुकीच्या आहेत हे तुम्हालाही माहीत आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्देश काढला आहे की पगार किंवा त्याची मर्यादा मुलाखतीआधी सांगायची आणि आधीचा पगार विचारायचा नाही. तिथे जमतं तर इतरत्र का जमू नये, याचं एखादं कारण असेल तर मला खरंच ऐकायचं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना पैसा लागत नाही. मुलाखत घेतली तर ठरावीक मुदतीत निर्णय कळवा, आणि ती मुदत जाहिरातीतच छापा. मुलाखतीच्या पुढच्या टप्प्यापर्यंत आलेल्याला नकार देताना एक ओळ कारणाची लिहा. फ्रेशर्सच्या जागेला अनुभवाची अट घालू नका, अनुभवी माणूस हवा असेल तर तसं म्हणा आणि तसा पगार द्या. जागा खरोखर रिकामी आहे का, पगार किती आहे आणि अर्ज आधी यंत्र चाळणार आहे का, या तीन गोष्टी जाहिरातीत असू द्या. चाचणीचं काम काही तासांच्या वर जाणार असेल तर त्याचा मोबदला द्या. इंटर्नला तुम्ही काम लावता, तर पैसे द्या. लग्न, मूल, नवरा यांबद्दलचे प्रश्न मुलाखत घेणाऱ्यांच्या तोंडी येणार नाहीत, याची जबाबदारी एचआर विभागाने घ्यावी. मुलाखत घेणारा मोठा साहेब असला तरी.

माझी मुलगी तिच्या कामाला लागली आहे. सध्या जुन्या सरांच्या एका प्रकल्पात नोंदी तपासून देते, अर्जही करते आहे. तिला नोकरी मिळेल, याबद्दल मला शंका नाही. ज्या संस्थेने तिला अहवाल करायला लावला, तिच्या भरतीप्रमुखांनी हे वाचलं तर त्यांना आपणच ते, हे ओळखू येईल. त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे: तो अहवाल वापरला असेल किंवा वापरायचा असेल, तर तिचा मोबदला द्या आणि पहिल्या पानावर तिचं नाव घाला. वापरायचा नसेल तर तुमच्या संगणकातून पुसून टाका. दोन्हींपैकी काय केलंत, ते तिला एका ओळीत कळवा. तिचा ईमेल पत्ता तुमच्याकडे आहे.

आपली,
एका भूवैज्ञानिक मुलीची आई